वांगणीत धडधाकट कोणी नाही

चौबळ मास्तर सल्लागार झाल्याची बातमी सीतारामपंत दिघ्यांना कळली तेव्हा त्यांची अर्धी दाढी झाली होती आणि अर्धी व्हायची होती. बातमी सांगणारा न्हावीच होता. "मुंबईहून प्रोफेसर येतायत म्हणे, आणि आपले चौबळ मास्तर त्यांचे सल्लागार," असं म्हणून त्याने वस्तरा पुन्हा गालाला लावला, तर गाल जागेवर नव्हता. पंत उठून उभे राहिले होते. तसेच ते जव्हारच्या पेठेतून घरी आले. वाटेत भेटेल तो विचारत होता, "पंत, काय झालं?" आणि पंत म्हणत होते, "कुठं काय? काही नाही."

"अहो, गालाला साबण!" मनोरमाबाई दारातच म्हणाल्या.

"असू दे. चौबळ सल्लागार झाला."

"मग त्यात साबणाचा काय दोष?"

बायकांना अशा गोष्टींतलं गांभीर्य कळत नाही, असं पंतांचं जुनं मत होतं. त्या दिवशी ते पक्कं झालं.

चौबळांचा हेवा पंतांना नवा नव्हता. नव्हता म्हणजे विलीनीकरणापासूनचा होता. पंत संस्थानी. दरबारच्या दप्तरात त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि संस्थान मुंबई राज्यात गेलं तेव्हा ते मामलेदार कचेरीत अव्वल कारकून झाले. चौबळ मोखाड्याचे, म्हणजे पहिल्यापासून इंग्रजांच्या खालसा मुलखातले. विलीनीकरण झाल्याबरोबर "हे कायदे आम्हाला आधीपासूनच पाठ" असा चेहरा करून मोखाड्याची माणसं जव्हारात आली, त्यांत चौबळ शाळा तपासनीस होऊन आले. लोक त्यांना अजून मास्तरच म्हणत. पण गणेशोत्सवात पहिली आरती त्यांच्या हातात. वाचनालयाच्या अध्यक्षपदी ते. त्यांच्या घरच्या अळूवडीचंसुद्धा गावात नाव होतं, आणि ती अळूवडी पंतांनी खाल्ली होती. चांगली होती, हेच तर दुःख होतं.

आता हे सल्लागारपद. प्रकार असा होता की सरकारच्या रोजगार कचेरीला जव्हार-मोखाड्याकडची पाहणी हवी होती. इथे कामाला माणसं किती, काम किती, वर्षातले किती महिने हात रिकामे राहतात, वगैरे. कचेरीतल्या लोकांना नोंदी ठेवता येत, पण नोंदींतून अर्थ काढायला विद्वान लागतो. म्हणून मुंबईच्या एका कॉलेजातले अर्थशास्त्राचे प्रोफेसर हळबे यांना सल्लागार नेमलं होतं. आता विद्वान झाला तरी त्याला वाटा माहीत नसतात. म्हणून सल्लागाराला एक स्थानिक सल्लागार. पगार नाही, भत्ता नाही. पण अहवालाच्या पहिल्या पानावर नाव छापून येणार होतं. जिवंतपणी छापलेलं नाव पंतांनी आपल्या घराण्यात कुणाचंच पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला रात्रभर झोप नाही," सकाळी मनोरमाबाई म्हणाल्या.

"ढेकूण झालेत."

"ढेकूण नाहीत. मास्तर आहेत."

शेवटी पंत डाक बंगल्यावर गेले. प्रोफेसर हळबे अर्ध्या चड्डीत, डोक्याला साहेबी टोपी घालून व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत होते. स्वभावाने इतके निर्मळ की समोरचा माणूस हेव्याने काळाठिक्कर पडला असला तरी त्यांना तो उन्हाने रापलाय असं वाटावं.

"साहेब, मास्तर विद्वान आहेत," पंतांनी सुरुवात केली. निंदा करायची तर स्तुतीपासून करावी, हे दरबारी शिक्षण. "पण त्यांचा अनुभव पोरांचा. मोठ्या माणसांचा अनुभव आमचा. या मुलखात असं गाव नाही जिथं मी गेलो नाही."

"वा! मग तुम्हीपण या की!" प्रोफेसर म्हणाले. "असं करू. मास्तर जामसर करताहेत. तुम्ही दुसरं एखादं गाव घ्या. ज्याचा तक्ता अधिक बोलका, त्याचं नाव पहिल्या पानावर. चालेल?"

पंतांनी वांगणी मागून घेतली. वावर गावाच्याही पलीकडे, वाट बिकट. जामसरपेक्षा अवघड गाव केलं म्हणजे निम्मी बाजी तिथंच मारली, असा हिशेब होता.

आता खरी अडचण सुरू झाली, म्हणजे रजा. मामलेदारांनी अर्जावर शेरा मारला: "सदरहू काम सरकारी की खाजगी?" पंतांनी लिहिलं, "सरकारी, परंतु मानद." मामलेदारांनी लिहिलं, "सरकारी असल्यास रजा कशाला? मानद असल्यास सरकारी कसे?" हा अर्ज पंतांच्याच टेबलावरून वर जायचा आणि पंतांच्याच टेबलावर खाली यायचा, आणि त्याची आवकजावक पंतच लिहायचे. अखेर त्यांनी "पोटात दुखते" असा अर्ज केला. तो तत्काळ मंजूर झाला. इकडे चौबळ मास्तर शाळा तपासणीच्या नावाखाली जामसरला जाऊनही आले होते. त्यांना पोटदुखीसुद्धा लागली नाही, हे पंतांना फार लागलं.

शेजारचे अण्णा खोपकर हे पेन्शनर पोस्टमास्तर. दुसऱ्यांची पत्रं हाताळण्यात जन्म गेल्यामुळे दुसऱ्यांच्या कामात सल्ला देणं हे ते आपलं कर्तव्यच मानत. ते संध्याकाळी ओट्यावर येऊन बसले.

"दिघे, नुसतं जाऊन उपयोग नाही. माणूस दिसला पाहिजे. चौबळ काय, काळी टोपी. तसली टोपी तलाठीही घालतो. सल्लागार ओळखायचा कशावरून? डोक्यावरून! तुमचं ते दरबारी पागोटं कुठं आहे?"

पागोटं फडताळात होतं. लाल, जरीकाठी. मनोरमाबाईंनी ते काढलं आणि उजेडात धरलं, तर पलीकडचे अण्णा दिसले.

"कसर लागलीय. राहू दे म्हणते मी. आता कोण बांधतं पागोटं?"

"तेच तर!" अण्णा म्हणाले. "कोणीच बांधत नाही म्हणून तर बांधायचं."

मनोरमाबाईंनी आपल्या जुन्या लाल चोळीचं ठिगळ आतून लावलं. समोरच्या हिराबाई तेवढ्यात येऊन सांगून गेल्या की निघताना दही खा, मात्र कालचं नको. अण्णांनी आणखी सुचवलं की कचेरीतला देवराम पट्टेवाला बरोबर घ्या, पट्टा घालूनच. दरवेळी पंत "छे, छे, कशाला" म्हणाले आणि दरवेळी त्यांनी तसंच केलं.

दसरा उलटून चार दिवस झाले होते. बैलगाडीत पंत मधोमध बसले, पुढे पट्ट्यातला देवराम, आणि वर ते पागोटं. खाचखळग्यांत गाडी आपटली की पागोटं डोळ्यांवर यायचं, आणि पंत ते सावरून पुन्हा ताठ बसायचे. चौबळाला हे दृश्य दिसायला हवं होतं, असं त्यांना वाटेभर वाटत राहिलं.

दिसलं ते वांगणीला. टेकाडावर गवत कापणाऱ्या एका बाईने गाडी पाहिली, हातचा विळा टाकला आणि हाळी दिली. गाडी गावात शिरली तेव्हा चुली धुमसत होत्या, कोंबड्या हिंडत होत्या, एक उखळ तर अर्धवट कांडलेलं होतं. माणूस मात्र औषधाला नव्हता. पंतांना वाटलं, आदर. फार आदर वाटला की माणसं समोर येत नाहीत, हे त्यांनी दरबारात पाहिलं होतं.

दरबारात आणखीही एक गोष्ट पाहिली होती, ती मात्र त्यांच्या लक्षात राहिली नव्हती. त्या काळी वरिष्ठांचं सामान वाहायला, रस्ते झाडायला, शिकारीसाठी रानात हाका घालायला गावातली माणसं फुकट धरून नेत. त्याला वेठ म्हणत. अशी वेठ कोणत्या मुलखात नव्हती! वेठीला माणसं मागायला कोणी पागोटंवाला पट्टेवाल्यासकट गाडीतून येई आणि पहिलाच प्रश्न विचारी, "घरात धडधाकट माणसं किती?" आता वेठ बंद होऊन वर्षं लोटली होती. पण कागदावर बंद झालेली गोष्ट पागोट्यासकट परत आली तर वांगणीने काय समजावं?

देवरामने ओरडून ओरडून काही जण गोळा केले. पंतांनी तक्ता उघडला, घसा साफ केला आणि पहिला प्रश्न विचारला:

"घरात धडधाकट माणसं किती?"

सगळीकडे एकदम खोकला सुरू झाला.

"धडधाकट कोन नाय बाबा," हौशी म्हातारी म्हणाली. "सगले तापानं पडलेत."

फागी नावाची बाई पदर तोंडाला लावून पुढे आली.

"नवरा?" पंतांनी विचारलं.

"मेला."

"अरेरे. कधी?"

फागीने देवरामच्या पट्ट्याकडे पाहिलं. "आताच."

त्याच क्षणी तिच्या माळ्यावरून दणदणीत शिंक आली. पंतांनी ती ऐकली. कोणीही ऐकली असती, बैलांनीसुद्धा कान टवकारले. पण तोवर पंतांच्या डोक्यात एक विलक्षण विचार चमकून गेला होता: अख्ख्या गावात काम करू शकणारा एकही माणूस नाही! असा तक्ता चौबळाच्या बापजन्मी होणार नाही. हेव्याने माणसाचे डोळे जातात म्हणतात. पंतांचे कान गेले. त्यांनी फागीच्या नवऱ्यापुढे, बाबल्यापुढे, "मयत" असं लिहिलं आणि पुढचं घर घेतलं. तिथं बुध्या नावाचा गडी पायाला चिंध्या गुंडाळून बसला होता. "लंगडा," पंतांनी लिहिलं. त्याने चिंध्या उजव्या पायाला गुंडाळल्या होत्या आणि उठताना तो डाव्या पायाने लंगडला, पण अशा बारकाव्यांना तक्त्यात रकाना नव्हता.

डाक बंगल्यावर दोन्ही तक्ते एकाच दिवशी सादर झाले. चौबळ मास्तरांचा जामसरचा तक्ता सुवाच्य अक्षरात, आणि त्यात एकही हात रिकामा नव्हता. सगळं गाव कामात. आठ वर्षांची पोरं गुरांमागे, सहा वर्षांची पोरं पिकावरची पाखरं हाकायला, आणि कमू नावाच्या बाईची तीन वर्षांची चिमी "नाचणी निवडते". पंतांना मनातून हसू फुटलं. शाळा तपासनीस गावात आला म्हणजे पोरांना सक्तीने शाळेत नेणार, आई-बापांना दंड करणार, हे जामसरला ठाऊक. त्यांनी पाळण्यातलं पोरही कामाला लावून दाखवलं होतं. हे पंतांना चटकन कळलं. दुसऱ्याची फजिती कळायला डोकं लागत नाही.

"मास्तरांचं चांगलं आहे," प्रोफेसर शेंग फोडत म्हणाले, "पण दिघेसाहेब, तुमचं भयंकर आहे! एक अख्खं गाव, आणि कामाला एकही माणूस नाही! मी हे मुंबईला कळवतो. पहिल्या पानावर तुमचं नाव."

चौबळ मास्तरांचा चेहरा कारल्याचा रस घेतल्यासारखा झाला. पंतांनी आयुष्यात इतका सुंदर चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी घरी येताना पेढे घेतले. पहिला देवाला, दुसरा अण्णांना, आणि तिसरा मुद्दाम चौबळांच्या घरी पाठवला. त्यांना तोही खावा लागला असणार, या कल्पनेने पंतांना त्या रात्री गाढ झोप लागली.

ही झोप दिवाळीपर्यंत टिकली. दिवाळीनंतर प्रोफेसर जीप घेऊन हजर झाले. बरोबर रोजगार कचेरीचे एक साहेब आणि औषधांची पेटी घेतलेले एक डॉक्टर. वांगणीची हकीकत वाचून वरचे लोक हादरले होते. साथ म्हणावी की उपासमार? "चला दिघेसाहेब, तुम्हीच वाट दाखवा!"

आता मात्र पंतांना ती शिंक आठवली.

"साहेब, वाट फार वाईट आहे," ते म्हणाले.

"मीही येतो," चौबळ मास्तर म्हणाले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. पण दुसऱ्याची गाडी घसरताना पाहायला मिळतेय म्हटल्यावर हेवा वाटणारा माणूस घरी बसतो होय? तसं पाहिलं तर पंतही बसले नसते.

पागोटं जीपमध्ये वाऱ्यावर उडेल म्हणून मनोरमाबाईंनी पंतांच्या डोक्याला मफलर गुंडाळून दिला. "दमानं घ्या," त्या म्हणाल्या. त्यांना काय कळलं होतं आणि काय नव्हतं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही.

वावरला जीप ठेवून मंडळी चालत निघाली. वांगणीच्या अलीकडेच, एका खळ्यावर, भाताची झोडणी चालली होती. अख्खं गाव तिथं. इकडची रीत अशी की आज एकाचं भात सगळ्यांनी मिळून झोडायचं, उद्या दुसऱ्याचं; मजुरी कोणी कोणाला द्यायची नाही, ज्याचं भात त्याने जेवू घालायचं. लंगडा बुध्या डोक्यावर भाताचा भला मोठा भारा घेऊन बांधावरून उडी मारत येत होता. आणि मयत बाबल्या इतक्या जोराने पेंढी फळीवर आपटत होता की दाणे डॉक्टरांच्या पेटीपर्यंत उडाले.

प्रोफेसरांनी तक्ता काढला. "बुध्या कोण?"

"मीच की," भाऱ्याखालून आवाज आला.

"तुमचा पाय?"

"पायाला काय झाला? बरा हाय पाय."

"आणि बाबल्या... म्हणजे आता... कै. बाबल्या?"

"मी नं बाबल्या," मयताने घाम पुसत सांगितलं.

चौबळ मास्तर इतके खुश झाले की त्यांनी पंतांच्या पाठीवर हात ठेवला. प्रोफेसर मात्र गोंधळून गेले. "पण यात तर लिहिलंय की..."

"ते होय!" हौशी म्हातारी हसायला लागली, तिच्यामागून सगळं खळं हसायला लागलं. "ते दसऱ्याला, पागोटंवाला आलता तवा. वेठीला धराया. सगले रानात पललो, राहले ते आजारी झालो."

"बाबल्या त माल्यावर होता," फागी म्हणाली. "गवताची कुसं नाकात गेली मेल्याच्या!"

"कोण पागोटंवाला?" कचेरीचे साहेब कडक आवाजात म्हणाले.

पंत मफलरच्या आत गेले. गप्प राहिले असते तर निभावलं असतं. गावाने ओळखलं नव्हतं आणि मास्तरांना, बोललो तर साहेब उद्या जामसरही तपासतील म्हणून, तोंड उघडायची सोय नव्हती. पण हौशीने वर्णन सुरू केलं.

"मोठा सरकार होता! ह्या अशा मिशा. नजर वाघाची. गाडीतून खाली उतरला त बैल कापाया लागले. लई राज बघले आमी, पन असा मानूस नाय बघला!"

"खराच," बुध्या म्हणाला. "माझा त पाय खरोखरचा लुला झालता भ्यानं."

पंतांच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यांच्याबद्दल असं आजवर कोणी बोललं नव्हतं. घरात नाही, कचेरीत नाही, दरबारात तर नाहीच नाही. आणि हे सगळं चौबळ उभा राहून ऐकत असताना! अशा वेळी गप्प बसणं माणसाच्या हातचं नसतं. ते पुढे झाले, मफलर सोडला, छाती काढली.

"तो पागोटंवाला मीच!"

खळ्यावरची झोडणी थांबली. वांगणीने पंतांकडे पाहिलं. टक्कल पाहिलं, चष्मा पाहिला, वावरपासून चालून लाल झालेले पाय पाहिले. मग हौशी इतकी हसली की तिला बाबल्याने धरलं.

"तू? हाट! तो लई मोठा होता!"

"अहो मीच! देवरामला विचारा!" पण देवराम जव्हारला होता.

"नको रं बाबा आमची मस्करी करू," बुध्या समजुतीने म्हणाला. "तू चांगला मानूस दिसतोस. तो येगला."

पंतांनी आयुष्यभर अनेकांचा हेवा केला होता. पण स्वतःचा हेवा करायची पाळी त्यांच्यावर पहिल्यांदाच आली. वाघाच्या नजरेचा, बैलांना कापायला लावणारा तो दांडगा माणूस. त्याच्यापुढे आपण म्हणजे कोण?

प्रोफेसर हळब्यांना मात्र सगळं उलगडलं. "म्हणजे दिघेसाहेब, तुम्हाला पाहून हे आजारी पडले! आणि तुम्ही ते आपणहून, चारचौघांत कबूल केलंत. फार मोठं मन लागतं याला."

हे शब्द ऐकले मात्र, चौबळ मास्तरांना राहवेना. वांगणीचा तक्ता गेला तो गेला, आणि वर मनाचा मोठेपणाही दिघ्यांनीच न्यावा? "साहेब," ते घाईघाईने पुढे आले, "माझं जामसर याहून खोटं आहे! ती तीन वर्षांची चिमी नाचणी निवडत नाही. तिला अजून धड बोलताही येत नाही! शाळेत ओढून नेईन म्हणून मला सगळ्यांनी फसवलं. मला तर तेव्हाच संशय आला होता!"

"मला माळ्यावरची शिंक तिथंच ऐकू आली होती!" पंत म्हणाले.

दोघेही एकमेकांवर मात करायला आणखी काय काय कबूल करणार होते, देव जाणे. प्रोफेसरांनी दोन्ही तक्ते शांतपणे घडी करून खिशात घातले. "असं करू," ते म्हणाले, "स्थानिक सल्लागाराची जागा रिकामीच ठेवू. मी इथंच चार दिवस राहतो. ज्याला पाहून माणसं मरत नाहीत असा कोणी भेटतो का बघू."

त्यांनी कोपऱ्यात पाय पसरून खिशातल्या शेंगा काढल्या. पहिली मूठ हौशीला दिली.

खळ्यावरची रीत पाहुण्यालाही चुकत नाही: उभा राहिलेल्याने हात लावायचा, मग जेवायचं. बाबल्याने एक पेंढी मास्तरांच्या हातात दिली, दुसरी पंतांच्या. फुकटचं काम! संस्थानात पंतांच्या दप्तराने अशी माणसं गावोगावची गोळा केली होती, आणि आज खुद्द पंतांना गोळा करायला पागोटंवाला लागलासुद्धा नाही. ते पेंढी आपटू लागले. दोन दाणे पडले. चष्मा पडला. शेजारी मास्तर बाह्या वर करून झोडत होते.

हौशीने दोघांकडे पाहिलं, शेंग तोंडात टाकली आणि म्हणाली, "ह्या टोपीवाल्याचा हात बरा चालं."

पंतांच्या छातीत तीच जुनी, ओळखीची कळ उठली, आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा बरं वाटलं. स्वतःचा हेवा करणं फार अवघड काम होतं. चौबळांचा हेवा सवयीचा होता. त्यांनी चष्मा खिशात ठेवला, हातांवर थुंकले आणि बाबल्याला म्हणाले, "आण रे, मोठी पेंढी आण."